गाडीचं नाव लिहू का?

मला गाडी चालवता येत नाही. सायकल येते, पण साताऱ्यात बोगद्याकडच्या चढावर तीही मी हातात धरूनच नेतो. घरात एक स्कूटर होती; ती बायको चालवायची आणि मी मागे बसून ‘सावकाश, सावकाश’ म्हणायचो. असला मी निवृत्तीनंतर सात वर्षं मोटारींच्या शर्यतींत मुख्य वेळाधिकारी म्हणून बसत होतो, हे ऐकलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग खुर्ची पुढे ओढून विचारतो, “पण सर, खरं सांगा, गाड्या पळवणं हा काय खेळ आहे का?”

या प्रश्नाचं उत्तर मी आयुष्यात दोनदा दिलं. पहिलं उत्तर चारचौघांत, मोठ्या तोऱ्यात दिलं आणि ते साफ चुकीचं होतं. दुसरं द्यायला मला नऊ वर्षं लागली.

माण तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी एकतीस वर्षं खेळाचा शिक्षक होतो. पावसाची बोंब असलेला मुलूख. मैदानावर हिरवळ म्हणून काही उगवायचं नाही, त्यामुळे खो-खोला झकास. आमच्या मुली विभागापर्यंत, कधी राज्यापर्यंत जायच्या. सुटीच्या दिवशी मी जिल्हाभर पंच म्हणून फिरायचो, आणि त्यातही माझं खरं काम घड्याळाचं.

घड्याळ लावणं हे लोकांना फार सोपं वाटतं. बटण दाबायचं, पुन्हा दाबायचं, आकडा वाचायचा. पण त्यातही शिकण्यासारखं आहे. बटणावर अंगठा ठेवायचा नाही, तो सुस्त असतो. पहिलं बोट ठेवायचं. सुरुवातीला बंदुकीचा आवाज ऐकून दाबायचं नाही, धूर बघून दाबायचं, कारण आवाज चालत येतो आणि धूर लगेच दिसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटी धावणाऱ्याकडे बघायचं नाही. रेषेकडे बघायचं. माणसाकडे बघितलं की तुम्ही त्याच्यात गुंतता आणि बोट चुकतं. कोण येतंय, कसं येतंय, याच्याशी वेळाधिकाऱ्याला देणंघेणं नसतं. त्यानं फक्त चुन्याची एक पांढरी फक्की बघत राहायची. एकतीस वर्षांत जिल्ह्यातल्या चांगल्या चांगल्या धावपटूंच्या मी वेळा लावल्या, पण त्यांतल्या एकाचंही शेवटचं पाऊल मला आठवत नाही. मी ते बघितलेलंच नाही.

याचा मला अभिमान होता. दिलेला निर्णय मी कधी फिरवला नाही, याचा तर जरा जास्तच होता.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक लाकडी फलक आहे. हिरव्या रंगावर पांढरी अक्षरं. तीन रकाने: वर्ष, नाव, खेळ. राज्य पातळीवर ज्यानं काही केलं त्याचं नाव तिथं लागायचं. नाव लावायचं की नाही हे मी ठरवायचो. गावात त्या फलकाला मान होता. लग्न ठरवायला आलेले पाहुणेसुद्धा शाळेत डोकावून फलक वाचून जायचे.

रूपाली घाडगे ही माझी विद्यार्थिनी. खो-खोत अशी बचाव करणारी पोरगी मला पुन्हा मिळाली नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतंच. रूपाली त्याचाच फायदा घ्यायची. खांबाजवळ यायची, डावा खांदा टाकायची, मान डावीकडे वळवायची आणि अंग उजवीकडून काढायची. मागची मुलगी भुईवर आणि ही पलीकडे. पाळीची मिनिटं कळावीत म्हणून मी मुलींना मनातल्या मनात सेकंद मोजायला शिकवायचो. “मैदानावर घड्याळ बघायला कुणाला सवड नसते. एक घड्याळ माझ्या हातात, दुसरं तुमच्या पोटात,” असं मी म्हणायचो. बाकीच्या मुली हसायच्या. रूपालीच्या पोटातलं घड्याळ मात्र माझ्या हातातल्या घड्याळाशी सेकंदाला जुळायचं.

तिचे वडील सैन्यात ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन आले ते लिलावातली एक जुनी जीप घेऊनच. घाडगे फौजींनी पोरीला माळावर जीप शिकवली, आणि अठरा पूर्ण झाल्यावर तिला थेट शर्यतीत उतरवलं. ही बारावीतली गोष्ट. आमची विभागीय स्पर्धा आणि तिची राज्याची शर्यत एकाच दिवशी आली. ती आदल्या आठवड्यात माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, या टायमाला मी न्हाई येत खो-खोला. रागावू नका.” मी रागावलो नाही, असं दाखवलं. तिच्याविना आम्ही एका गुणानं हरलो, आणि ती तिकडे मुलींच्या गटात पहिली आली.

दोन दिवसांनी घाडगे फौजी साताऱ्याचे कंदी पेढे घेऊन शाळेत आले. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, मिशा पिळलेल्या. आम्ही तीन-चार शिक्षक व्हरांड्यात उभे होतो.

“सर, नाव लावताय न्हवं आमच्या रूपीचं बोर्डावर?”

मी म्हणालो, “घाडगे, हा फलक खेळाडूंचा आहे. पळाली तुमची गाडी. पोरगी आत बसली होती. मग काय, गाडीचं नाव लिहू का?”

शिक्षक हसले. मीही हसलो. घाडग्यांनी पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, “पेढे खावा सर” एवढंच म्हणाले आणि सैन्यातल्यासारखे वळून निघून गेले. रूपाली जिन्याजवळ उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्या वाक्याचं समर्थन करत आलो. खेळात घाम पाहिजे, अंग पाहिजे, दम पाहिजे. इंजिनाचा दम तो माणसाचा दम कसा? मुद्दे काही अगदीच टाकाऊ नव्हते. पण आता वय झाल्यावर खोटं बोलण्यात अर्थ नाही. मोटार शर्यत खेळ आहे की नाही याची मला तेव्हा काडीचीही पडलेली नव्हती. माझी उत्तम खेळाडू मला सोडून गेली होती, त्याचा तो राग होता.

निवृत्त होऊन मी साताऱ्याला राहायला आलो. बायको म्हणायची, आता घरात वेळ लावा, भात किती शिट्ट्यांत होतो ते बघा. वर्षभर तेच केलं. मग एक दिवस सुभेदार निकम दारात उभे राहिले. हेही निवृत्त फौजी. सातारा-सांगलीकडच्या लहानसहान मोटार शर्यती भरवण्याचा त्यांना नाद.

“गुरुजी, तुमी आमच्या शर्यतीला टाइम लावायचा.”

“अहो सुभेदार, मला गाडी येत नाही.”

“तुमाला गाडी चालवाय कोन सांगतंय? घड्याळ चालवा. माझ्याकडं समदी गाडीवाली मान्सं हायती. ती गाडीकडं बघत्यात. मला गाडीकडं न बघनारा मानूस पायजे.”

माझ्या पात्रतेचं इतकं अचूक वर्णन कुणी केलं नव्हतं. मी हो म्हणालो. हा खेळ नाही हे माझं मत मी त्यांना त्याच बैठकीत सांगितलं. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या की मत. घड्याळाला मत नसतंय.”

माझ्या जोडीला दुसऱ्या घड्याळावर मुल्ला होते. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, सांगलीचे. शांत माणूस. आयुष्यभर गर्दीत तिकिटं फाडल्यामुळे त्यांना कशाचीच घाई नसायची, पण वेळेला मात्र पक्के.

पहिलं काम मिळालं ते सांगलीजवळच्या एका गावच्या जत्रेत. रिक्षांची उलटी शर्यत. म्हणजे रिक्षा पुढे न्यायचीच नाही. सगळं अंतर मागे मागे जायचं, तेही भरधाव. बाहेरच्या माणसाला ही थाप वाटेल, पण आपल्या भागात रिक्षावाले यासाठी आठवडाभर गिऱ्हाइकं कमी घेऊन सराव करतात. कुणी मान बाहेर काढून चालवतो, कुणी मागच्या काचेतून बघतो. मागे वजनाला माणूस बसवायचा नाही असा नियम होता. तिथं आप्पा नावाचे साठीचे एक रिक्षावाले आले ते गळ्याला मानेचा पट्टा बांधूनच, आणि मागच्या सीटवर साक्षात त्यांची बायको.

मी म्हटलं, “मावशी, उतरावं लागेल.”

“आवं, मला काय शर्येत न्हाई करायची. बाजार करून घरी निघालोय. ह्यांचं झालं की तसंच जायाचं. मी बसती गप.”

“नियम आहे मावशी.”

“बरं, उतरती. पर पिशवी ऱ्हाऊ द्या.”

पिशवीत वीसेक किलो ज्वारी होती. ती मुल्लांनी उतरवून घेतली. मग एका स्पर्धकानं हरकत घेतली की मानेच्या पट्ट्यामुळे आप्पांना आधार मिळतो. मी विचार करून निर्णय दिला की ज्याला मान वळवता येत नाही त्याला उलट्या शर्यतीत पट्ट्याचा फायदा होईल हे शक्य नाही. आप्पा नुसत्या आरशात बघत तिसरे आले आणि ज्वारी व बायको घेऊन घरी गेले. मी मजेत होतो. परत येताना एसटीत मुल्लांना म्हणालो, “जत्रा म्हणून उत्तम आहे. खेळ नव्हे.” मुल्ला म्हणाले, “आसंल.” ‘असेल’ हा त्यांचा कुठल्याही वादातला शेवटचा शब्द.

पुढे फलटणकडे उसाचा हंगाम संपल्यावर ट्रॅक्टरच्या स्पर्धा बघितल्या. ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या जोडायच्या आणि चुन्याच्या दोन रेघांमधून सगळी वरात मागे न्यायची. एक ट्रॉली मागे घेताना स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं. दोन असल्या की उलट्याचं उलटं, आणि ते मागच्या ट्रॉलीला जरा वेळानं कळतं, तोवर पुढची तिसरीकडेच निघालेली असते. साखर कारखान्याच्या गर्दीत हे करणारे ड्रायव्हर तिथं एका हातानं तंबाखू मळत करायचे. मी तोंडात बोट घातलं. पण सुभेदारांनी “मग, गुरुजी?” असं विचारल्यावर मी म्हटलं, “याला कसब म्हणतात. सुतारही कसबी असतो. आपण त्याला खेळाडू म्हणत नाही.”

खऱ्या मोटार शर्यती या बाजूला व्हायच्या त्या माळावरच्या. खडीच्या, मातीच्या वाटेवर प्लास्टिकचे कोन मांडून वळणं करायची. गाड्या एकेकट्या सोडायच्या. सगळ्यात कमी वेळ ज्याचा तो पहिला. कोन पाडला की वेळेत सेकंद वाढवायचे. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक यंत्रही मिळतं, पण माणच्या वाऱ्यात ते उडत्या पाचोळ्यालाही गाडी समजतं. म्हणून लहान शर्यतींत हातघड्याळंच. दोन घड्याळांत थोडा फरक आला तर सरासरी काढायची. जास्त आला तर मुख्य वेळाधिकाऱ्याचं घड्याळ खरं. म्हणजे माझं.

एकदा सुभेदारांच्या आग्रहानं गाडीतून उतरलेल्या एका मुलाची मी नाडी बघितली. खो-खोची अख्खी पाळी पळून आल्यासारखी उडत होती. सुभेदार माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, “कुत्रं मागं लागल्यावरही नाडी उडते.” त्यांनी कपाळाला हात लावला.

अशी सात वर्षं गेली. रूपालीचं नाव मधूनमधून कानावर यायचं. साताऱ्यात बायकांना गाडी शिकवायचा वर्ग काढलाय असं कळलं. मधली चार-पाच वर्षं वडिलांच्या आजारपणात ती शर्यतीत नव्हती. आणि मग गेल्या वर्षी म्हसवडजवळच्या माळावर झालेल्या शर्यतीच्या यादीत मी ते नाव वाचलं. वडील बरे होऊन बरोबर आले होते. जीप तीच, लिलावातली; आता आत लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलेला.

त्या दिवशी पहिल्या येणाऱ्याला पुढच्या मोठ्या फेरीसाठी आयोजकांकडून तयार केलेली गाडी मिळणार होती. इतकी जुनी जीप त्या फेरीत चालत नव्हती. म्हणजे रूपाली पहिली आली तर पुढे, नाहीतर तिची शर्यत त्या माळावरच संपणार. वय सत्तावीस, वडिलांची तब्येत ही अशी. पुन्हा कधी जमेल याचा काही भरवसा नव्हता. ती सकाळी टेबलाशी आली, “नमस्कार सर” म्हणाली, सही करून गेली. मीही मान हलवली. नऊ वर्षांपूर्वीचं वाक्य आम्हा दोघांच्या मध्ये टेबलावर पडलेलं होतं. कुणी उचललं नाही.

फलटणचा शिंदे नावाचा तरणाबांड ड्रायव्हर एक मिनिट अकरा पूर्णांक आठ सेकंदांत आला. त्याहून कुणी कमी येईल असं वाटत नव्हतं. शेवटची गाडी रूपालीची. सुटली. मी बंदुकीचा धूर बघून बटण दाबलं, आणि मग नेहमीसारखा शेवटच्या रेषेकडे डोळे लावून बसलो. चुना, खडी, चुना.

शेवटचं वळण आमच्या टेबलासमोरच होतं. दोन कोन, त्यांच्यापुढे एक खांब रोवलेला, खांबाला वळसा घालून रेषेवर यायचं. जीपचा आवाज जवळ आला. आणि मी काय केलं, तर वर बघितलं.

जीप खांबाकडे येत होती. रूपालीनं नाक डावीकडे टाकलं. अगदी चुकीच्या बाजूला. लोक ओरडले. तिची हेल्मेटमधली मान डावीकडे वळलेली होती. पुढच्या क्षणी जीपचं मागचं अंग घसरत आलं, सगळं वजन फिरलं आणि गाडी उजवीकडून सुटली. खांब जागच्या जागी. तो डावा खांदा मी ओळखला. शाळेच्या मैदानावर शंभरदा बघितलेली ती हूल होती. ती पोरगी खो-खो सोडून कुठे गेलीच नव्हती. मी तोंडानं “वा!” म्हणालो.

आणि मग बटण दाबलं.

माझ्या घड्याळात एक मिनिट बारा पूर्णांक पाच होते. मुल्लांनी आपलं पुढे केलं. एक मिनिट अकरा पूर्णांक चार.

“तुमचं बोट लवकर पडलं,” मी म्हणालो.

मुल्लांनी एकदा माझ्याकडे बघितलं. “आसंल,” म्हणाले.

हे मी का केलं, याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. सवयीनं जीभ चालली. एकतीस वर्षं ज्या माणसाचं बोट चुकलं नव्हतं, त्याला ते चुकलंय हे कळायलाही वेळ लागतो. मी बारा-पाच लिहिलं. शिंदे पहिला, घाडगे दुसरी.

रूपाली हेल्मेट काढून टेबलाशी आली. घामानं केस कपाळाला चिकटलेले. “किती सर?”

“एक बारा पाच.”

तिनं क्षणभर कागदाकडे बघितलं. “माझ्या पोटात अकराच हुती,” ती हळूच म्हणाली. मग “बरं” म्हणाली आणि जीपकडे गेली.

निकाल लावल्यावर हरकत घ्यायला अर्धा तास असतो. घाडगे फौजी तरातरा निघाले होते. आजारानं अंग उतरलं होतं, पण मिशा तशाच. त्यांचा आवाज मला टेबलापाशी ऐकू येत होता.

“सोड मला. त्या दुसऱ्या घड्याळात काय हाय ते इचारतो. ह्या मान्सानं आदी बी...”

“न्हाई आबा. जायाचं न्हाई.”

“अगं पर तूच म्हंतीस अकरा हुती!”

“मी म्हंती. पर सर बारा म्हनाले न्हवं? मग बाराच. सरांचं घड्याळ कवा चुकत न्हाई. माझंच पोटातलं बिघडलं आसंल इतक्या वर्सांत.”

मी तिथं बसलो होतो आणि मला माझी लाज वाटत होती. ‘पंचाचा निर्णय अंतिम’ हे मीच या पोरीला शिकवलेलं. एकदा मी तिला खेळाडू नाही म्हटलं, तेव्हाही ती गप्प राहिली. आता तिची शर्यत माझ्या बोटानं घेतली, तर ती स्वतःच्या मोजण्यावरचा विश्वास टाकायला निघाली होती, माझ्यावरचा नाही. यापेक्षा मोठी खिलाडूवृत्ती मी कुठल्या मैदानावर बघितली होती? हा खेळ नसेल, तर मग मी एकतीस वर्षं काय शिकवत होतो?

मी उठून सुभेदारांकडे गेलो. “निकाल बदला. मुल्लांचं घड्याळ बरोबर आहे.”

“गुरुजी, काय बोलताय? तुमी जिंदगीत निर्नय फिरिवला न्हाई.”

“मी रेषेकडे बघत नव्हतो, सुभेदार. गाडीकडे बघत राहिलो. बटण मागनं दाबलं.”

सुभेदार माझ्याजवळ सरकले. हा माणूस माझी सात वर्षं चेष्टा करत आला होता. त्या दिवशी त्यांनी चेष्टेचा एक शब्द काढला नाही. हळू आवाजात विचारलं, “आवडलं व्हय बघायला?”

“लय,” मी म्हणालो. माझ्या तोंडून हा शब्द शाळेतल्या पोरांनीही कधी ऐकला नसेल.

भोंग्यावरून चूक माझी आहे हे मीच सांगितलं. सुभेदार नको म्हणत होते, पण पहिलं उत्तर चारचौघांत दिलं होतं, तर हेही चारचौघांतच द्यायला हवं होतं. शिंदे चिडला. टेबलाशी येऊन म्हणाला, “म्हाताऱ्या मान्साला कशाला बसवताय मग?” त्याचं बरोबर होतं. मी त्याची माफी मागितली, घड्याळ मुल्लांच्या हातात दिलं आणि सांगितलं की इथून पुढे मुख्य घड्याळ तुमचं. मुल्ला या वेळी ‘असेल’ म्हणाले नाहीत. त्यांनी ते घड्याळ रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं.

रूपालीनं माझे आभार मानले नाहीत, आणि मानायचं कारणही नव्हतं. ती जवळ आली तेव्हा डोळे भरलेले होते. म्हणाली, “सर, तुमी चुकला ह्याचं काय न्हाई. पर मी माझं खरं आसून खोटं धरलं की वो.” पुढच्या फेरीत तिनं काय केलं हे सगळे मला विचारतात. सातवी आली. खूश होती.

त्यानंतर महिन्याभरानं मी पेंटरला घेऊन शाळेत गेलो. नव्या मुख्याध्यापिका माझ्याच विद्यार्थिनी. त्या म्हणाल्या, “सर, फलक तुमचाच आहे.” पेंटरनं शिडी लावली, फलक पुसला आणि खालच्या रिकाम्या भागावर बोट ठेवलं.

“हितं लय जागा हाय. ऐसपैस काढतो नाव.”

“तिथं नको. ती बारावीत होती ते वर्ष बघ. तिथं लिही.”

“आवं सर, त्या वर्साच्या खाली लगेच फुडची वळ हाय. मधी बोटभर सुदीक जागा न्हाई. बारीक दिसंल, दाटीवाटीचं. लोक इचारतील, हे मागनं घुसडलंय का म्हनून.”

“विचारू देत. घुसडलंयच. कुणामुळे म्हणाले, तर माझं नाव सांग.”

त्यानं बारीक ब्रश काढला. वर्ष लिहिलं. रूपाली तुकाराम घाडगे असं लिहिलं. मग शिडीवरून वाकून विचारलं, “खेळाच्या रकान्यात काय लिहू?”

वर खो-खो, खाली खो-खो, त्याखाली कुस्ती. मी म्हणालो, “मोटार शर्यत.” त्यानं काही न विचारता लिहून टाकलं. नऊ वर्षं मी ज्याच्यावर वाद घालत होतो, ते एवढ्या वेळात झालं.

घाडगे बापलेकीला मी मुद्दाम बोलावलं होतं. जीप फाटकातून आत आली तेव्हा रंग ओला होता. या वेळी कंदी पेढे मी आणले होते. घाडग्यांनी चष्मा लावला, फलकापाशी जाऊन एकेक अक्षर वाचलं आणि मग शर्टाची बाही डोळ्यांना लावली. मी पुडा पुढे केला. “पेढे खा, घाडगे.” त्यांनी एक उचलला, अर्धा मोडून माझ्या हातावर ठेवला.

मी रूपालीला म्हणालो, “फार दाटीत बसलंय गं नाव. जागाच नव्हती. माझ्यामुळे.”

ती फलकाजवळ गेली. ओल्या रंगाला हात न लावता दोन बोटांनी तिनं वरच्या आणि खालच्या ओळीतलं अंतर मापलं आणि हसली.

“दोन कोनांच्या मधी बी एवढीच आसती, सर. जाती गाडी.”